काडीवाल्या बाईचा शिमगा

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी गेली सव्वीस वर्षं लोकांच्या घशातला ऐवज तपासते आहे. घसा मात्र क्वचितच पाहिला. आमच्याकडे येते ती बोटभर लांबीची नळी, तिच्यात गुलाबी पाणी, पाण्यात बुडवलेली काडी आणि वर चिकटवलेला क्रमांक. त्या क्रमांकाला गाव असतं, गावात माणसं जेवतात, झोपतात, भांडतात, हे मला तत्त्वतः मान्य होतं. शिमग्याच्या दिवसांत संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात खोकल्याची साथ आली, तिघं न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडले आणि नमुने घ्यायला माणूस पाठवा असा निरोप आला, तेव्हा आमच्यातल्या ज्याची जायची पाळी होती त्यालाच नेमकी सर्दी झाली. श्वसनाच्या साथीवर शिंकणारा माणूस पाठवणं बरं दिसेना, म्हणून मला पाठवलं.

निघताना साहेबांनी दोनदा बजावलं की काही नवीन वाटलं तर लगेच कळवा. मोठी महामारी होऊन गेल्यापासून आमच्या क्षेत्रात सगळ्यांचे कान असे टवकारलेले असतात. कुठे चार माणसं एकदम खोकली की पहिला प्रश्न तोच, जुनाच पाहुणा आहे की नवा कोणी? नवऱ्याने फक्त एवढंच सांगितलं की जपून राहा आणि येताना काजू आण.

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं हे वाचून मला फोन करतील, मी काय काय चुकीचं लिहिलं ते सांगतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

घाटाखाली

आमचे ड्रायव्हर शिंदे कऱ्हाडचे. आंबा घाट उतरला की परदेश सुरू होतो अशी त्यांची पक्की समजूत. साखरप्याला चहा घेताना टपरीवाल्याने त्यांना काहीतरी विचारलं, ते यांना कळलंच नाही. शिंदे माझ्याकडे बघून म्हणाले, "मराठीच बोलतोय ना हो?" मराठीच होतं, पण चालीवर होतं. देशावरचा माणूस वाक्य टाकून मोकळा होतो. इथे शेवटचा शब्द थोडा लांबवून, हेलकावे देऊन खाली ठेवतात.

गावात आम्हाला घ्यायला सुगंधा आली. ही गावची आशाताई, चाळिशीची, अंगाने किडकिडीत आणि बोलायला चटपटीत. नवरा मुंबईला एका इमारतीत सुरक्षारक्षक, शिमग्याला रजा काढून आलेला. सासरे गावदेवाचे गुरव. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. आमची उतरायची सोय त्यांच्याच घरी होती.

आमच्या थंड पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या गोठवायला फ्रीजर हवा होता. गावात फ्रीजर एकच, दुकानातला, कुल्फीचा. दुकानदाराने कुल्फ्या एका बाजूला सारून आमच्या पिशव्यांना जागा करून दिली आणि ह्या कुठल्या चवीच्या असं विचारलं.

सुगंधाने जाता जाताच साथीची हकिगत सांगितली. मुंबईहून चाकरमानी आले आणि तिसऱ्या दिवसापासून गाव खोकायला लागलं. गावकऱ्यांच्या मते हा मुंबईवाल्यांनी आणलेला खोकला. मुंबईवाल्यांच्या मते कातळावरचं गवत जाळतात त्या धुराचा. दोन्ही पक्ष ही चर्चा एकमेकांच्या तोंडासमोर, एकाच पडवीत बसून आणि एकाच तांब्यातलं पाणी पिऊन करत होते.

पहिला दिवस, देवळात

नमुने घ्यायला देवळाचा सभामंडप दिला होता, कारण देव घरी नव्हता. शिमग्यात देव देवळातून निघून पालखीत बसतो, घरोघर जातो, आणि मधल्या वेळात सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, मुक्काम करतो. आमच्या सोसायटीत शेजारी वर्षातून एकदा येतो, तोही पाणी का नाही हे विचारायला. इथे खुद्द देव चालत येतो, आणि त्याच्या मागून अख्खं गाव घरात शिरतं.

ते कसं शिरतं ते मी तासाभरातच समोरच्या घरी पाहिलं. पालखी आत आली. तिच्यामागे पन्नास माणसं, दारं-खिडक्या गच्च. तात्या पालखीपुढे उभे राहिले. पंचाहत्तरीचे, ताठ, कपाळापासून कोपरापर्यंत गुलालाने माखलेले. त्यांनी त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. ह्याच्या पोराला नोकरी लागू दे, हिचं गुडघं बरं होऊ दे, भावाभावांतला बांधाचा तंटा मिटू दे. दर मागणीला पन्नास माणसं तोंड उघडून एका दमात म्हणायची, "होय म्हाराजा!" आणि मग खोकायची.

मी कोपऱ्यात मास्क लावून उभी होते आणि कौतुकाने बघत होते. कौतुक विषाणूचं. फ्लूचा असो, करोनाच्या घराण्यातला असो, की ज्यांची नावं नुसत्या इंग्रजी अक्षरांत आहेत त्यांच्यातला असो, ह्या सगळ्यांना पाय नसतात, पंख नसतात. एका छातीतून दुसऱ्या छातीत जायला त्यांना आपला श्वास लागतो, आणि ओरडताना तो भरपूर सुटतो. मी विषाणू असते तर मीही रजा काढून शिमग्यालाच आले असते.

मग लोक माझ्याकडे रांगेत आले. नाकात काडी घालायची म्हटल्यावर डोंगराएवढी माणसं मान मागे घेत होती. एका आजींनी नाकातली नथ सांभाळायला सांगितली. दुपारपर्यंत माझं नाव 'काडीवाली बाय' असं पडलं. मास्क मी ढीगभर वाटले. सगळ्यांनी आदराने घेतले आणि हनुवटीला लावले.

शेवटी तात्या आले. ते आपण होऊन आलेले नव्हते, सुनेने बसवले होते. काडीला कुरकुर नाही, मान हलवली नाही. मग मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा आला शहाऐंशी. निरोगी माणसाचा पंचाण्णवच्या वर असतो. मी दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. तिथेही तेवढंच.

"गुलालाचं असंल गो बाय," तात्या हसून म्हणाले. "धा दिस धुतला तरी नखातनं जात नाय."

नखावर रंग असला की हे यंत्र चुकतं हे मी शिकले होते. तात्यांना ताप नव्हता. धाप लागल्यासारखी वाटत नव्हती. नुकतंच त्यांनी पन्नास माणसांना पुरेल एवढं गाऱ्हाणं घातलं होतं. दहाच्या दहा बोटं लाल. मी ओल्या कापसाने एक नख पुसायला घेतलं, तोवर बाहेर ढोल वाजला आणि तात्या उठून पालखीपुढे चालायला लागले. मी कागदावर लिहिलं, 'बोटाला गुलाल, उद्या पुन्हा बघणे.' सुगंधाने तो कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं खटकलं होतं. तरी मी पेटी बंद केली.

दुसरा दिवस, खूण

सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. पुण्यात पाहुण्याला 'अजून वाढू का' असं विचारतात, इथे विचारत नाहीत. शिंदे पाच घावण्यांनंतर परदेशाबद्दल बरंच सौम्य बोलायला लागले.

दहाच्या सुमाराला खूण काढायचा कार्यक्रम होता. कापणी झालेल्या भातखाचरात कोणीतरी गुपचूप नारळ पुरून ठेवतो. कुठे ते पालखी धरणाऱ्यांना माहीत नसतं. मग चौघे पालखी खांद्यावर घेऊन शेतात फिरतात. खरं म्हणजे पालखी फिरते आणि हे तिच्यामागे ओढले जातात. ती डोलते, रिंगण घेते, मागे वळते आणि एका जागी दांडा खाली वाकवते. तिथे खणलं की नारळ निघतो. त्या दिवशीही निघाला. मी त्यांना म्हटलं, आमचं कामही हेच, पुरून बसलेला शोधायचा. फक्त आम्हाला त्याला दोन दिवस आणि महागडं मशीन लागतं. त्यावर पालखी धरणारा सुगंधाचा नवरा विनायक म्हणाला, मशीन कशाला, पालखीच न्या पुण्याला. तो बोलताना एका खांद्यावर काहीतरी निळं दाबून धरत होता. नीट बघितलं तर ती माझी बर्फाची पिशवी होती. खांदा सुजला म्हणून दुकानदाराने फ्रीजरमधून काढून दिली होती. गावातल्या आणखी तीन खांद्यांवर माझ्या आणखी तीन पिशव्या होत्या. मी डोक्याला हात लावला. नमुने थंड ठेवायला शेवटी चाळीस कुल्फ्या विकत घ्याव्या लागल्या.

जेवायला तात्यांच्या घरी. कुयरीची भाजी, म्हणजे कोवळ्या फणसाची, भात, सोलकढी. तात्या अंघोळ करून, हात घासून पानावर बसले. दोन घास खाल्ले आणि थांबले. मी काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. तीन शब्द, मग श्वास, मग तीन शब्द. पालखीपुढे ते असेच बोलत होते, पण तिथे मला ती गाऱ्हाण्याची चाल वाटली होती. मी त्यांच्या ताटातल्या हाताकडे पाहिलं. गुलाल धुतला गेला होता. नखं स्वच्छ होती, आणि निळसर होती.

मी उष्ट्या हाताने उठले. यंत्र लावलं. चौऱ्याऐंशी.

म्हातारपणी न्यूमोनिया असाही येतो. ताप येत नाही, माणूस तक्रार करत नाही, फुफ्फुसातले हवेचे फुगे एकेक भरत जातात आणि शरीर हळूहळू कमी हवेवर संसार चालवायला शिकतं. मग एकाएकी चालवेनासं होतं. हे मी कित्येकदा वाचलं होतं. समोर माणूस बसलेला होता तेव्हा मात्र मी गुलालाला दोष देऊन मोकळी झाले.

"तात्या, काल माझं चुकलं," मी म्हटलं. "काल दुपारीच तुम्हाला पाठवायला हवं होतं. आता लगेच निघायचं."

तात्या शांतपणे म्हणाले, "देव भायेर हाय. मी शीव वलांडत नाय."

पालखी देवळाबाहेर असेपर्यंत गुरवाने गावची शीव ओलांडायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. त्यांच्या वडलांनी पाळला, आजोबांनी पाळला. पालखी परत देवळात जायला अजून दोन दिवस होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन दिवस सोडा, दोन तास थांबू नका. रुग्णवाहिका निघाली. विनायकने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. तात्यांचं एकच. "देव दारात, नि गुरव दवाखान्यात? नाय."

मी सुगंधाला मागच्या दारी गाठलं. ती भांडी घासत नव्हती की काही करत नव्हती, नुसती उभी होती. म्हणाली, "मॅडम, अख्ख्या गावाला मी ओरडून दवाखान्यात धाडते. ह्यांच्यापुढे माझा शब्द फुटत नाय." मग पदराने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि सहाणेच्या दिशेने चालायला लागली. ती तिथे काय बोलली ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

शिवेवर

अर्ध्या तासाने ढोल ऐकू आला. पालखीची त्या वेळी दुसऱ्या वाडीत जायची पाळी होती. ती तात्यांच्या अंगणात आली. दोन रिंगणं घेतली, उंबऱ्यापाशी वाकली आणि वळून खालच्या रस्त्याला लागली. गुरवाने पालखीपुढे असायलाच हवं. तात्या उठायला लागले, पण मी त्यांना चालू देईना. शेवटी चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. अशा दोन पालख्या त्या उतारावरून निघाल्या. एकीत देव, एकीत गुरव, आणि दुसरीतला सारखं म्हणत होता, "हळू... चला रे... देव पडंल."

रस्ता अरुंद, म्हणून रुग्णवाहिका खाली शिवेवरच्या वडाशी थांबली होती. तिथवर पालखी आली, थांबली, डोलली. मग शीव ओलांडून दहा पावलं पलीकडे गेली आणि रुग्णवाहिकेच्या उघड्या दारापुढे दांडा खाली वाकवला. सकाळी नारळावर वाकवला होता तसाच.

शिमग्यात पालखी शिवेबाहेर गेल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं.

तात्यांनी विनायककडे पाहिलं. "देवानं आनली... की तुमी?"

विनायकच्या सुजलेल्या खांद्यावर दांडा होता. तो घामाने निथळत होता. म्हणाला, "खांदा खाली, पालकी वर. आमाला काय ठावं?"

मी इतक्या वर्षांत एवढं सावध उत्तर कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. तात्यांची नजर पालखीच्या वाकलेल्या दांड्यावर गेली. गाऱ्हाणं सांगणारा माणूस, देवाच्या मनातलं ओळखायचं त्याचंच काम. मग त्यांनी खुर्ची पुढे न्यायची खूण केली आणि शीव ओलांडली.

पण बसण्याआधी गाऱ्हाणं हवंच. रुग्णवाहिकेतली परिचारिका ऑक्सिजनची नळी हातात धरून ताटकळली होती. तात्यांनी तिला हाताने थांबवलं आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, पोरांनी तुला शिवेपार नेलं, ते तू मानून घे. लोक म्हणाले, "होय म्हाराजा." मागे वळून पाहिलं तर हनुवटीवरचे मास्क वर चढले होते, झाडून सगळ्यांचे. गावातला हा खोकला तू शिवेपार घालव. "होय म्हाराजा." आणि ही पुन्याची बाय, काडीवाली...

तिथे श्वास संपला. तात्यांनी तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. पंचेचाळीस वर्षांत त्यांचं गाऱ्हाणं पहिल्यांदा अर्धं राहिलं होतं. मग गावाने, पुढचं काहीच न ऐकता, म्हटलं, "होय म्हाराजा." सुगंधाने सासऱ्यांच्या खांद्याला धरलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

रत्नागिरी

आमची गाडी रुग्णवाहिकेच्या मागोमाग होती. रुग्णालयात छातीचा फोटो काढला, दोन्ही फुफ्फुसं खालून पांढरी दिसली. मी तिथल्या डॉक्टरबाईंना विचारलं की काल आणलं असतं तर? त्यांनी मला थापटलं-बिपटलं नाही. म्हणाल्या, "काल आणलं असतं तर बरं झालं असतं. आता काय होतं ते चार दिवसांनी कळेल."

संध्याकाळी शिंद्यांनी मला मांडवीला समुद्र दाखवला. जवळच एका खानावळीत सुरमईचं ताट मागवलं. मला घास जाईना. शिंद्यांनी माझंही ताट संपवलं आणि पाण्याकडे बघत म्हणाले की ताई, तुम्ही मोजलं तरी होतंत, मोजलंच नसतं तर? त्यांनी सांत्वनासाठी म्हटलं असणार. मला तेवढ्याने बरं वाटलं नाही, पण त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

पुणे

काजू आणायला मी विसरले. नमुने कुल्फ्यांच्या सोबतीने सुखरूप पोहोचले. दोन दिवसांनी निकाल लागला: जुना, ओळखीचा फ्लू, दरवर्षी येणारा. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि थोडं हिरमुसल्यासारखंही दिसले. नवीन काही नाही म्हणाले. माझ्या हातात तेव्हा तात्यांची नळी होती. जुना विषाणू म्हणजे किरकोळ विषाणू असं मीही पूर्वी म्हणत असे.

सुगंधाचे फोन येत राहिले. तात्या अजून ऑक्सिजनवर. तात्यांनी आज पेज घेतली. पालखी देवळात परत गेलेली नाही. गुरवाशिवाय देव आत कसा घ्यायचा, म्हणून गावाने देवाला सहाणेवरच ठेवलंय, आळीपाळीने राखण आहे. मी म्हटलं, म्हणजे देवही विलगीकरणात. ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

बाराव्या दिवशी फोन आला तेव्हा मी मास्क, हातमोजे घालून कामात होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बटण दाबून फोन माझ्या कानाला लावला. मागे ढोल होता, माणसांची गलबल होती. सुगंधा म्हणाली, "मॅडम, तात्या आले. आता देव आत घेतायत. पन ते म्हणतात, आधी तुमचं राह्यलेलं हाय."

मग तात्यांचा आवाज आला. बारीक झालेला, पण सलग.

"बा देवा म्हाराजा, ही पुन्याची बाय, काडीवाली, आपल्या दारात आली, आपल्या पोरांचं दुखनं बगितलं. तिच्या हातनं काय चुकलं-माकलं असंल, तर ते पदरात घे, नि तिच्या मनात ऱ्हाऊ देऊ नको, म्हाराजा."

पलीकडे गाव गप्प होतं. त्यांचं उत्तर बारा दिवसांपूर्वीच देऊन झालं होतं. आता कोणाची वाट बघतायत ते मला जरा उशिरा कळलं. आमच्या प्रयोगशाळेत बोलतानाही आवाज खाली ठेवायचा नियम आहे. माझा चष्मा धुरकटला होता आणि हातात नळ्या असल्यामुळे तो पुसता येत नव्हता.

"होय म्हाराजा," मी म्हटलं, मास्कमधून, तिकडे सहाणेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.